गळालेल्या सभासदांची प्रश्नपरीक्षा : संघटना सोडण्यामागील हेतूंचे निदान

प्रस्तावना

संघटनेच्या नोंदवहीत नवा सभासद येतो तेव्हा त्याची नोंद विधिपूर्वक होते. सूचक व अनुमोदक यांच्या सह्या घेतल्या जातात, पावती फाडली जाते, कार्यकारिणीच्या इतिवृत्तात नाव येते आणि पुढील अंकात स्वागतही छापले जाते. सभासद जातो तेव्हा मात्र यांपैकी काहीच घडत नाही. वर्गणीच्या रकान्यात एके वर्षी आडवी रेघ येते, दुसऱ्या वर्षी तिच्याखाली आणखी एक रेघ येते आणि तिसऱ्या वर्षी नवी वही घालताना ते नाव उतरवून घ्यायचे राहून जाते. त्याला कोणी काढलेले नसते, त्याने राजीनामाही दिलेला नसतो. तरीही एक वैद्य आपल्यातून गेलेला असतो.

रुग्णाने औषध मध्येच सोडले तर जाणता चिकित्सक त्याला दोष देऊन थांबत नाही. औषधाची चव, अनुपानाची अडचण, खर्च, घरातील कोणाचा विरोध, की गुण न आल्याची निराशा, यांचा तो शोध घेतो. संघटनेच्या बाबतीत मात्र आपण ही चौकशी बहुधा टाळतो. 'आजकाल कोणाला वेळ नाही' किंवा 'तरुणांना आस्था उरलेली नाही' असे म्हणून विषय मिटवला जातो. हे निदान नव्हे. रुग्णाला न पाहता केलेला तो तर्क होय.

खंडित सभासदांचे सर्वेक्षण कसे करावे, याची काही सूत्रे प्रस्तुत लेखात मांडली आहेत. लेखक लोणी काळभोर परिसरातील एका शाखेचे काम पाहतो. हवेली तालुक्यातील हे गाव पुणे-सोलापूर रस्त्यावर आहे. एका बाजूला थेऊरचा चिंतामणी, पुढे १९४६ साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने उभा राहिलेला उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम, तर दुसऱ्या बाजूला हडपसरपर्यंत भिडलेले शहर. २०२१ साली येथील पोलीस ठाणेही पुणे शहर आयुक्तालयात गेले. गाव आणि शहर यांच्या सीमेवरील अशा ठिकाणी चिकित्सालये हलतात, पत्ते बदलतात, रुग्णवर्ग बदलतो. आणि त्या धावपळीत सभासदही गळतात. येथील अनुभव इतर शाखांनाही उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

नोंदणी वेगळी, सभासदत्व वेगळे

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. महाराष्ट्रात आयुर्वेदीय चिकित्सकाची नोंदणी १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाखाली भारतीय वैद्यक परिषदेकडे होते. ती कायद्याने आवश्यक आहे. केंद्रीय स्तरावर १९७० च्या कायद्याने आलेली केंद्रीय परिषद जाऊन २०२० च्या कायद्यान्वये राष्ट्रीय आयोग आला, तरी नोंदणीचे बंधन कायम राहिले. औषधनिर्मात्यांनाही उत्पादन-परवाना आणि २००० साली अधिसूचित झालेल्या शेड्यूल टीमधील नियम यांतून सुटका नाही.

संघटनेचे सभासदत्व याहून भिन्न आहे. ते सोडल्याने कोणाचे चिकित्सालय बंद होत नाही, की परवाना जात नाही. म्हणून ते केवळ श्रद्धेवर आणि उपयोगावर टिकते. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने १९०७ साली नाशिक येथे अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाची स्थापना झाली, तेव्हा मुंबई इलाख्यात वैद्यांच्या नोंदणीचा कायदाच नव्हता. तो १९३८ साली आला. म्हणजे मधली ३१ वर्षे वैद्य एकत्र आले ते सक्तीने नव्हे. चरकसंहितेच्या विमानस्थानात ज्ञानप्राप्तीचे जे तीन उपाय सांगितले आहेत त्यांत अध्ययन व अध्यापन यांच्या बरोबरीने तद्विद्यसंभाषेचा, म्हणजे एकाच विद्येच्या जाणकारांनी परस्परांशी केलेल्या चर्चेचा, समावेश आहे. आपली संघटना हे त्या संभाषेचेच आजचे रूप आहे. सभासद गळतो तेव्हा केवळ वर्गणी बुडत नाही. संभाषेतील एक आवाज कमी होतो.

यावरून एक व्यावहारिक सूचना निघते. गळालेल्या सभासदाशी बोलताना नोंदणीचा वा परवान्याचा उल्लेख करून त्याला अप्रत्यक्षपणेही भीती घालू नये. भीतीपोटी भरलेली वर्गणी पुढील वर्षी पुन्हा थकते.

आधी वही तपासावी

सर्वेक्षणाचा आरंभ प्रश्नावलीने नव्हे, तर आपल्याच वहीने करावा. 'गळालेले' या एका शब्दाखाली निरनिराळ्या अवस्था एकत्र झालेल्या असतात. त्या पुढीलप्रमाणे वेगळ्या कराव्यात.

१) लेखी राजीनामा दिलेले.
२) वर्गणी थकलेली, परंतु पत्ता व दूरध्वनी चालू असलेले.
३) पत्र अथवा अंक परत आलेले, म्हणजे ज्यांचा पत्ता आपणच हरवला आहे असे.
४) व्यवसायातून निवृत्त झालेले, परगावी गेलेले वा दिवंगत.
५) वर्गणी भरूनही नोंद चुकल्याने थकबाकीदार दिसणारे.

पाचवा वर्ग वाचून काही कार्यवाह रागावतील. परंतु पावतीपुस्तक आणि नोंदवही समोरासमोर ठेवून पाहिल्याशिवाय हा वर्ग आपल्याकडे नाहीच, असे कोणी म्हणू नये. तिसऱ्या वर्गाचे एक उदाहरण आमच्याच शाखेतील आहे. लोणी स्थानकाजवळ चिकित्सालय असलेल्या एका तरुण वैद्य भगिनींनी जागा बदलून कदमवाकवस्ती येथे व्यवसाय सुरू केला. त्रैमासिकाचे अंक जुन्या पत्त्यावर जात राहिले. आम्ही त्यांना 'अनास्था' या सदरात टाकले होते. भेटीअंती कळले की आपले सभासदत्व संपल्याचेच त्यांना ठाऊक नव्हते. उलट, संघटनेने अंक काढणे बंद केले असावे, असा त्यांचा समज झाला होता. त्यांनी आम्हाला सोडले नव्हते. आम्हीच त्यांना सोडले होते.

सर्वेक्षण शक्यतो मागील तीन वर्षांत गळालेल्यांपुरते ठेवावे. त्यापूर्वीच्या घटना लोक आठवतात त्या आजच्या मनःस्थितीच्या रंगात, आणि मग हेतू कोणता व नंतर सुचलेले समर्थन कोणते, हे वेगळे करणे कठीण होते.

हेतूंचे चार प्रकार

माधवनिदानावरील मधुकोश टीकेत हेतूंचे संनिकृष्ट, विप्रकृष्ट, व्यभिचारी आणि प्राधानिक असे चार प्रकार दिले आहेत. सभासद का गेला, या प्रश्नाची उत्तरे लावून घेण्यासाठी याहून सोयीचे वर्गीकरण लेखकास आढळलेले नाही.

संनिकृष्ट हेतू म्हणजे नजीकचे निमित्त. वर्गणी वाढली, सभा रविवारी सकाळी शहरात ठेवली, निवडणुकीत कोणी कटू बोलले, इत्यादी.

विप्रकृष्ट हेतू म्हणजे दूरचा, आधीपासून साचलेला हेतू. हेमंतात संचित झालेला कफ वसंतात प्रकुपित होतो. वर्गणीचे वर्ष संपते चैत्राच्या सुमारास. सभासदाच्या मनातील कफ मात्र बराच आधी साचलेला असतो.

व्यभिचारी हेतू म्हणजे एकट्याने व्याधी उत्पन्न करण्यास असमर्थ असा दुर्बल हेतू. तो सर्वांच्या वाट्याला येतो, पण सर्वजण आजारी पडत नाहीत.

प्राधानिक हेतू विषासारखा उग्र. एकच घटना, आणि संबंध तुटतो.

संनिकृष्ट व विप्रकृष्ट यांतील भेद समजण्यासाठी पुण्याच्या सार्वजनिक जीवनातील एक प्रसिद्ध उदाहरण पाहावे. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून लोकमान्य टिळक १८९० साली बाहेर पडले. बाहेरून पाहणाऱ्यास निमित्ते दिसत होती ती अलीकडची : होळकरांच्या देणगीवरून झालेला वाद आणि सहकाऱ्यांनी बाहेरची कामे स्वीकारण्याचा प्रश्न. परंतु टिळकांनी राजीनाम्याची कारणे सविस्तर निवेदनात मांडली, तेव्हा त्यांनी मतभेदाचे मूळ कित्येक वर्षे मागे नेले. आजीव सदस्याने आपला सर्व वेळ व शक्ती संस्थेलाच द्यावी, हे मूळ तत्त्व शिथिल होत गेले, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. त्यांची बाजू बरोबर होती की सहकाऱ्यांची, हा येथे प्रश्न नाही. आपल्यासाठी बोध इतकाच, की अखेरचा वाद हा व्याधीचा आरंभ नसतो. आणखी असे, की टिळकांसारखे कारणांचे सविस्तर निवेदन लिहून जाणारा सभासद विरळा. बाकीचे निवेदन न लिहिताच जातात. ते त्यांच्याकडून समजून घेण्याचे काम आपले आहे.

वेळेचा अभाव

सुरुवातीला आम्ही पोस्टाने एक छापील पत्रक पाठवले होते. त्यात 'सभासदत्व का सोडले?' असा एकच प्रश्न व त्याखाली पाच पर्याय होते. थेऊर फाट्याच्या पुढे अनेक वर्षे चिकित्सा करणाऱ्या एका ज्येष्ठ वैद्यांनी 'वेळेचा अभाव' या पर्यायावर खूण करून पत्रक परत पाठवले. तेवढ्यावर आमचे समाधान झाले असते. परंतु त्यांचा रुग्णवर्ग आता कमी झाल्याचे आम्हास ठाऊक होते. वेळेचा अभाव हे उत्तर पटेना. म्हणून प्रस्तुत लेखक त्यांच्या घरी गेला.

प्रथम बराच वेळ पावसाचे, उसाचे आणि गुळवेलीचे बोलणे झाले. मग लेखकाने विचारले, 'वैद्यराज, आपण आलात अशी शेवटची सभा कोणती आठवते?' त्यांनी सभा सांगितली, विषय सांगितला, वक्ताही सांगितला. 'त्यानंतर काय झाले?' असे विचारल्यावर ते थोडे थांबले आणि म्हणाले, 'त्यानंतर घरातून ती गेली. शाखेतून कोणी आले नाही, त्याचे काही नाही. प्रत्येकाला व्याप असतात. पत्र मात्र आले. दहाव्याच्या दिवशी आले. वर्गणी थकल्याचे.'

त्या पत्राखालील सही प्रस्तुत लेखकाचीच होती.

छापील पत्रकातील पाच पर्यायांत या उत्तरास जागा नव्हती. वैद्यराजांनी सौजन्याने सर्वांत निरुपद्रवी पर्याय निवडला होता. 'वेळ नाही' हे उत्तर पुष्कळदा खरे असते; परंतु पुष्कळदा ते समोरच्याचा मान राखण्यासाठी दिलेले उत्तर असते. आपल्या समाजात संबंध तोडतानाही कटुता टाळण्याची रीत आहे, हे प्रश्नावली करणाऱ्याने विसरू नये.

या भेटीतून निघालेले सूत्र असे : कारण विचारू नये, वृत्तांत विचारावा. कारण विचारले की मनुष्य समर्थन देतो. क्रमाने काय घडले ते विचारले की हेतू आपोआप समोर येतो. रोगाचा इतिहास घेताना आपण हेच करतो.

संधायसंभाषा

चरकाचार्यांनी तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार केले आहेत : संधायसंभाषा आणि विगृह्यसंभाषा. पहिली सलोख्याने चालते. तीत विश्वासाने विचारावे व विश्वासाने सांगावे, दुसऱ्याला हरवल्याचा आनंद मानू नये. दुसरी जिंकण्यासाठी केलेली. गळालेल्या सभासदाची भेट ही पहिल्या प्रकारची असली पाहिजे. त्यासाठी पुढील पथ्ये पाळावीत.

१) वर्गणीची मागणी आणि सर्वेक्षण एकाच भेटीत करू नये. खिशात पावतीपुस्तक असेल तर ते घरी ठेवून जावे.
२) ज्या पदाधिकाऱ्याशी मतभेद झाल्याची शंका आहे, त्याने जाऊ नये. शेजारच्या शाखेतील सभासद पाठवणे उत्तम. वर सांगितलेल्या भेटीत लेखक स्वतः गेला, ही पद्धतीतील चूकच होती. त्या ज्येष्ठांच्या मोठेपणामुळे ती निभावली.
३) संघटनेचे समर्थन करू नये. 'तसे नव्हते हो' हे तीन शब्द निघाले की पुढची माहिती बंद होते.
४) सायंकाळच्या रुग्ण तपासण्याच्या वेळी जाऊ नये, आधी दूरध्वनीवर वेळ घ्यावी.
५) सांगितलेली गोष्ट नावानिशी कार्यकारिणीपुढे येणार नाही, असे वचन द्यावे व ते पाळावे. तालुक्याच्या शाखेत गाव आणि व्यवसायाची वर्षे एवढे लिहिले तरी मनुष्य ओळखू येतो. म्हणून अहवालात हेही गाळावे. आमच्या ज्येष्ठांचा वृत्तांत त्यांच्या अनुमतीनेच येथे दिला आहे.

नमुना प्रश्नावली

भेटीत विचारावयाचे प्रश्न थोडे असावेत. आम्ही पुढील सात ठेवले.

१) आपण संघटनेत आलात ते कोणामुळे, आणि त्या वेळी काय मिळेल असे वाटले होते?
२) आपण उपस्थित होतात अशी शेवटची सभा वा कार्यक्रम कोणता?
३) त्यानंतर वर्गणीची वेळ येईपर्यंत काय काय घडले?
४) व्यवसायातील एखाद्या अडचणीत संघटनेकडे जावेसे वाटले, असा प्रसंग आला का? आपण गेलात का? काय झाले?
५) त्रैमासिकाचा अंक मिळत होता का? शेवटचा वाचलेला कोणता लेख आठवतो?
६) आज एखाद्या कठीण रुग्णाविषयी सल्ला हवा असेल तर आपण कोणाशी बोलता?
७) आम्ही विचारावयास हवे होते आणि विचारले नाही, असे काही आहे का?

सहाव्या प्रश्नाचे महत्त्व विशेष आहे. सभासद संघटनेतून गेला तरी तद्विद्यसंभाषेची गरज संपत नाही. ती त्याने दुसरीकडे भागवली असेल, तर ते ठिकाण आपल्याला बरेच शिकवू शकेल. कोणाशीच बोलत नाही, असे उत्तर आले तर ती अधिक काळजीची गोष्ट समजावी. पाचव्या प्रश्नातून पूर्वरूप कळते. अंक न फोडता ठेवला जाणे, सभेस येऊन मागील रांगेतून लवकर उठणे, इतिवृत्तावर कधीच न बोलणे, ही गळतीची पूर्वरूपे होत. या अवस्थेत लक्ष दिले तर व्याधी सुखसाध्य असते.

उत्तर न देणाऱ्यांचे काय?

सर्वेक्षणातील मोठा धोका आलेल्या उत्तरांत नसून न आलेल्या उत्तरांत असतो. १९३६ सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या व २० लाखांहून अधिक परत आल्या. तेवढ्यावरून त्याने लँडन यांचा विजय वर्तवला. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. नावांची यादी मुख्यतः दूरध्वनी व मोटारी बाळगणाऱ्यांची होती, आणि उत्तर पाठवणारे हे न पाठवणाऱ्यांहून वेगळे होते. संख्या मोठी असली म्हणजे निष्कर्ष खरा असतो, असे नाही.

आपल्या प्रमाणात हाच हिशेब मांडू. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, ६० खंडित सभासदांना पत्रे पाठवली, १५ उत्तरे आली आणि त्यांपैकी ९ जणांनी वर्गणी जास्त असल्याचे कळवले. कार्यवाह म्हणेल, '६० टक्के सभासद वर्गणीमुळे गेले. वर्गणी कमी करा.' पण ४५ जणांचे मत अद्याप अज्ञात आहे. त्यांपैकी एकाचीही तक्रार वर्गणीची नसेल तर प्रमाण ६० पैकी ९, म्हणजे १५ टक्के. सर्वांचीच असेल तर ६० पैकी ५४, म्हणजे ९० टक्के. १५ ते ९० टक्के या मर्यादांत कोठेही सत्य असू शकेल, तेव्हा कोणताच निर्णय घेता येत नाही.

यावर उपाय आहे. हॅन्सन व हर्विट्झ या संख्याशास्त्रज्ञांनी १९४६ साली तो मांडला. उत्तर न देणाऱ्यांपैकी काहींची चिठ्ठीने निवड करावी आणि तेवढ्यांना मात्र प्रत्यक्ष गाठावेच. वरील उदाहरणात ४५ पैकी १५ नावे चिठ्ठीने काढली, सर्वांच्या घरी गेलो आणि ३ जणांनी वर्गणीचे कारण सांगितले, असे समजू. १५ मागे ३, तर ४५ मागे ९. आधीचे ९ मिळवून १८ झाले. ६० पैकी १८, म्हणजे ३० टक्के. पत्राने ६० टक्के दाखवलेला हेतू भेटीनंतर निम्म्यावर आला. चिठ्ठीत निघालेले नाव दूरचे, तिरसट वा अडचणीचे आहे म्हणून वगळले, तर मात्र हा सारा खटाटोप व्यर्थ होतो.

राहिलेल्यांनाही विचारावे

दुसरी वारंवार होणारी चूक म्हणजे फक्त गेलेल्यांनाच विचारणे. वरील ३० टक्के हा आकडा एकट्याने काही सांगत नाही. नियमित सभासदांनाही 'वर्गणी जास्त वाटते का?' असे विचारावे. त्यांतही ३० टक्के 'होय' म्हणाले, तर वर्गणी हा व्यभिचारी हेतू होय. तो गेलेल्यांतही आहे आणि राहिलेल्यांतही आहे. याउलट, 'अडचणीच्या प्रसंगी संघटनेकडून कोणी आले नाही' ही गोष्ट गेलेल्यांत वारंवार आणि राहिलेल्यांत क्वचित आढळली, तर तो हेतू बलवान समजावा. अन्वय आणि व्यतिरेक या दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे आपल्या शास्त्राचेच सूत्र आहे.

औषधनिर्मात्यांची बाजू

आपल्या संघटनेत फार्मसीचालक बंधूही सभासद आहेत. त्यांची गळती निराळ्या मार्गाने होते. परिसरातील एका औषधनिर्मात्याने स्पष्ट सांगितले, 'मला संघटनेतून वर्षात दोनदा दूरध्वनी येतो. एकदा अंकाच्या जाहिरातीसाठी आणि एकदा संमेलनाच्या भोजनखर्चासाठी.' पूर्वी त्यांनी एका सभेत कच्च्या द्रव्यांच्या शुद्धतेचा विषय मांडला होता. अशोकाची साल म्हणून खोट्या अशोकाची साल बाजारात येते, ती ओळखण्यासाठी चिकित्सक व निर्माते यांची एकत्र बैठक घ्यावी, अशी त्यांची सूचना होती. लेखकाने जुने इतिवृत्त काढून पाहिले. त्या सभेच्या भोजनाबद्दल त्यांचे आभार नोंदलेले होते. सूचना नोंदलेली नव्हती.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवले, की एखादी संस्था खालावू लागली की सभासदापुढे दोन वाटा असतात : बोलणे किंवा निघून जाणे. संस्थेविषयी निष्ठा असेल तर मनुष्य आधी बोलून पाहतो. गुणवत्तेची ज्यांना अधिक चाड असते, तेच पुष्कळदा प्रथम जातात; आणि मग संस्थेत बोलणारेच कमी होतात, म्हणून ती अधिक खालावते. हा विचार आपल्याला लागू पडतो. जो सभासद सभेत प्रश्न विचारून त्रास देतो, तो जाण्याच्या बेतात नसतो. तो राहण्याचा प्रयत्न करीत असतो. त्याचे बोलणे नोंदले गेले नाही, की तो गप्प होतो आणि पुढच्या चैत्रात त्याच्या नावापुढे रेघ येते.

उपशय

निदानपंचकात उपशयाला स्थान आहे. हेतूविषयी संशय असेल तेव्हा एक योजना करून पाहावी. बरे वाटले तर हेतूविषयीचे अनुमान दृढ होते. सर्वेक्षणानंतर दहा ठराव एकदम करू नयेत. एका वेळी एक बदल करावा आणि दोन त्रैमासिक त्याचा परिणाम पाहावा. आम्ही प्रथम तीन साध्या गोष्टी क्रमाने केल्या. थकबाकीचे पत्र पाठवण्यापूर्वी त्या गावातील एका सभासदाला विचारून घेण्याचे ठरवले. त्यानंतर सभेत आलेली प्रत्येक सूचना, मान्य होवो वा न होवो, इतिवृत्तात लिहू लागलो. आणि शेवटी, दर दुसरी सभा शहरात न घेता लोणी परिसरातच, दुपारी, रुग्ण तपासण्याच्या वेळा सांभाळून घेऊ लागलो.

ज्यांना प्रश्न विचारले त्यांना निष्कर्षही कळवावेत. मनुष्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट कपाटात गेली, तर दुसऱ्या वेळी तो दार उघडणार नाही.

उपसंहार

खंडित सभासदांचे सर्वेक्षण हे वसुलीचे साधन नव्हे. त्यातून काही सभासद परत येतील, काही येणार नाहीत. परंतु परत आलेल्यांच्या संख्येवरून त्याचे यश मोजू नये. थांबलेली संभाषा पुन्हा सुरू झाली का, हा खरा निकष होय. त्यासाठी नोंदवही तपासावी, कारणाऐवजी वृत्तांत विचारावा, उत्तर न देणाऱ्यांच्या दारी जावे, राहिलेल्यांशी तुलना करावी आणि एकेक उपाय करून पाहावा. यासाठी फार द्रव्य लागत नाही. लागतो तो आपल्याच सहीचे पत्र दुसऱ्याच्या हातात कसे पडले असेल, याचा विचार करण्याइतका नम्रपणा.

थेऊर फाट्यापुढील ते ज्येष्ठ वैद्य त्यानंतरच्या एका सभेस आले. ग्रहणीच्या चिकित्सेत तक्रप्रयोग कोणत्या रुग्णास सोसतो व कोणत्या नाही, यावर ते अर्धा तास बोलले आणि तरुण वैद्यांनी त्यांना उठू दिले नाही. त्यांनी अद्याप वर्गणी भरलेली नाही. आम्ही ती मागितलेली नाही. नवी वही घालताना त्यांचे नाव मात्र पहिल्या पानावर उतरवून घेतले आहे.